मोटर जळली की माणूस काय शोधतो?

मार्च संपत आला की कृष्णाकाठच्या उसाला पाण्याची पाळी चुकवून चालत नाही, आणि नेमकी तेव्हाच लाईट रात्रीची असते. बॅटरी घेऊन विहिरीवर गेलेल्या माणसाने स्टार्टरचं बटण दाबलं, मोटर नुसती घुमली आणि जळका वास आला, की त्याला कळतं, मोटर गेली. उजाडल्यावर चेनकप्पी लावून ती वर काढायची, टेम्पोत घालायची आणि कुणाकडे तरी न्यायची. कुणाकडे, हा प्रश्न पूर्वी तो शेजारच्या रानातल्या माणसाला विचारायचा. अजूनही विचारतो, पण पहाटे चारला शेजारी झोपलेला असतो आणि फोन हातातच असतो. तो फोन तोंडाजवळ धरतो आणि म्हणतो, "मोटर वायंडिंग जवळ कुठं आहे."

माझ्या मामेभावाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान कराडपासून थोड्या अंतरावर, ओढ्याच्या पुलाअलीकडे आहे. बावीस वर्षं तो मोटरी भरतोय. आसपासच्या पाच-सहा गावांत त्याला सगळे मिस्त्री म्हणून ओळखतात. पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या दुकानात बसून मी हेच वाक्य माझ्या फोनमध्ये बोललो, तेव्हा तीन नावं आली आणि त्यांत त्याचं नव्हतं. सगळ्यात जवळचं म्हणून दाखवलेलं दुकान अकरा किलोमीटरवर होतं. स्टेटरमधल्या जळलेल्या तारा छिन्नीने काढता काढता तो म्हणाला, "दादा, आपलं नाव पैसे भरल्याशिवाय येत नसतंय." हा समज किती खोल रुजलेला आहे हे मला त्या दिवशी कळलं. तो खोटा आहे, आणि छोट्या धंद्यांचं त्याने फार नुकसान होतं. म्हणून हे प्रकरण.

नकाशात आम्ही थोडं खोदलं तेव्हा दुकान सापडलं. कुणी अनोळखी माणसाने कधीतरी त्याची खूण टाकून ठेवली होती. नावात एक अक्षर चुकलेलं, फोन नंबर नाही आणि खूण रस्त्यापासून आत, कुणाच्या तरी उसात. प्रकार म्हणून घरगुती वायरिंग करणाऱ्याचा धंदा लावलेला. म्हणजे दुकान अदृश्य नव्हतं, चुकीच्या ठिकाणी चुकीचं काम करत उभं होतं.

गूगलवरच्या धंद्याच्या या नोंदीला आता 'बिझनेस प्रोफाइल' म्हणतात. २०१४ ते २०२१ या काळात तिचं नाव 'माय बिझनेस' होतं, म्हणून जुने लोक अजून तसंच म्हणतात. ती फुकट आहे. नोंद करायला, ताब्यात घ्यायला, फोटो टाकायला एक रुपया लागत नाही. 'गूगलमधून बोलतोय, नोंदणीचे पैसे भरा नाहीतर दुकान नकाशावरून जाईल' असा फोन आला, तर तो ठेवून द्यावा. नोंद आपली आहे हे मात्र सिद्ध करावं लागतं. पूर्वी पोस्टाने कार्ड यायचं, त्यावरचा आकडा भरायचा. आता बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. आम्ही तो सकाळी साडेआठला काढला. आधी रस्ता आणि पूल, मग दुकानाची पाटी, मग भावाने किल्ली लावून निळं शटर वर केलं, आत कॉइल गुंडाळायचं मशीन, भिंतीला टांगलेली तांब्याच्या तारेची रिळं आणि बिलबुक. सगळं एका दमात, मध्ये न थांबता. ठिकाण खरं आहे, धंदा खरा आहे आणि किल्ली याच माणसाकडे आहे, एवढंच त्यांना पाहायचं असतं. काही दिवसांत नोंद ताब्यात आली.

आता नावं वरखाली कशी लागतात ते पाहू. गूगल १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलं. त्यांची मूळ कल्पना आपल्या गावगाड्याला परकी नाही. एखाद्या पानाकडे इतर किती पानं बोट दाखवतात, आणि बोट दाखवणाऱ्यांना स्वतःला किती वजन आहे, यावरून त्या पानाची किंमत ठरवायची. गावात सरपंच, डॉक्टर आणि दूध संस्थेचा सचिव एकाच मिस्त्रीचं नाव घेत असतील तर आपण काय समजतो, तेच. पुढे २००५ मध्ये गूगलचा नकाशा आला आणि 'जवळ कुठे' या प्रश्नाला वेगळा हिशेब लागला. तो गूगल स्वतः उघडपणे सांगतं. शोधणाऱ्याच्या शब्दांशी धंद्याची जुळणी किती, तो किती अंतरावर आहे आणि त्याचा नावलौकिक किती, या तीन गोष्टी. नावलौकिकात रिव्ह्यू येतात आणि इतर साइटींवरून आलेली बोटंही येतात. पैसे भरून या यादीत वर जाता येत नाही. जाहिरात वेगळी असते, तिच्यावर तसा शिक्का असतो, तिच्याकडे नंतर येऊ.

अंतर तर आपल्या हातात नाही. खूण उसातून काढून दुकानावर आणली की त्यातलं आपलं काम संपलं. खरी मेहनत जुळणीवर करायची, आणि इथे बहुतेक दुकानदार चुकतात, कारण ते आपल्या भाषेत लिहितात, गिऱ्हाइकाच्या नाही.

भावाच्या पाटीवर 'इलेक्ट्रिकल वर्क्स' आहे. विहिरीवरचा माणूस आयुष्यात कधी 'इलेक्ट्रिकल वर्क्स' शोधणार नाही. तो वायंडिंग म्हणेल, वाइंडिंग म्हणेल, मोटर भरणे म्हणेल, पाणबुडी मोटर दुरुस्ती म्हणेल, कुणी सबमर्सिबल म्हणेल. कुणी देवनागरीत बोलेल, कुणी रोमन अक्षरांत मराठी लिहील. हे शब्द घरी बसून सुचत नाहीत. म्हणून मी भावाला दोनशे पानी वही दिली आणि सांगितलं, पंधरा दिवस येणाऱ्या प्रत्येक फोनचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिही. सुधारून नाही, तो जसा बोलला तसं.

ती वही माझ्याकडे आहे. तिच्यातल्या ओळी अशा: "मिस्त्री, मोटर घुमतीय पण पाणी फेकत नाही." "साडेसातची हाय, भरायला काय घ्याल?" "आज देताय का उद्या?" "स्टार्टर सारखा पडतोय." "नवी घेऊ का हीच भरू?" "भरलेली मोटर किती दिवस टिकंल?" "बोअरमधली काढून द्यायला माणसं येतील का?" पंधरा दिवसांत साठेक फोन आले आणि त्यांत मोजून आठ-नऊ प्रश्न होते. तेच पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तोंडून. महागडी सॉफ्टवेअरं हाच माल विकतात. कुठे कोणता शब्द चालतो हे पाहायला आणखी दोन फुकट साधनं आहेत. गूगलच्या चौकटीत दोन शब्द टाकून थांबलं की खाली सूचना येतात, त्या लोकांच्या खऱ्या शोधांवरून तयार होतात. आणि गूगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून दोन शब्दांची तुलना करता येते. पण वही पहिली. कारण वहीतला माणूस आपल्याच तालुक्यातला असतो.

त्या वहीवरून आम्ही नोंदीतलं वर्णन लिहिलं. धंद्याचा प्रकार बदलून मोटर दुरुस्तीचा केला. सेवांच्या जागी पाणबुडी, मोनोब्लॉक, घरगुती पंप, स्टार्टर दुरुस्ती असं एकेक वेगळं घातलं. दुकानाच्या नावात मात्र हे शब्द कोंबले नाहीत. पाटीवर जे नाव आहे तेच नोंदीत असावं, हा गूगलचा नियम आहे. 'अमुक इलेक्ट्रिकल बेस्ट मोटर वायंडिंग कराड' असं नाव लावलं आणि कुणी तक्रार केली, तर नोंद गोठवली जाऊ शकते. ऐन हंगामात ते परवडत नाही.

वेळ लिहिताना भाऊ अडला. दुकान नऊला उघडतं, पण मार्च ते मे तो सहालाच असतो. मग तसंच लिहिलं. रविवारी दुपारपर्यंत, अमावस्येला बंद. ही साधी गोष्ट फार मोलाची आहे. जो माणूस जळलेली मोटर टेम्पोत घालून भाडं देऊन येतो आणि कुलूप पाहून परत जातो, तो पुन्हा येत नाही आणि चार जणांना सांगतो. सणासुदीची सुट्टी आधी टाकता येते, ती टाकावी.

फोटो त्याच्याच फोनने काढले. सजवलेले नाहीत. जळून काळा पडलेला स्टेटर, त्याच्याच शेजारी नव्या तारेने भरलेला. वार्निश लावून भट्टीत वाळत ठेवलेली मोनोब्लॉकची गुंडाळी. निळ्या शटरसह रस्त्यावरून दिसणारं दुकान. शेवटचा फोटो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण टेम्पोवाल्याला ओळखायला तोच लागतो.

रिव्ह्यूबद्दल माझं मत ठाम आहे. विकत घेऊ नयेत, नातेवाइकांकडून एका संध्याकाळी वीस लिहून घेऊ नयेत, आणि रिव्ह्यूच्या बदल्यात सूटही देऊ नये. गूगलच्या नियमांत हे बसत नाही. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोनेही २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, ते रिव्ह्यू खऱ्या माणसाचा असावा यासाठीच. पण नियम बाजूला ठेवले तरी खोटा रिव्ह्यू ओळखू येतो. 'व्हेरी गुड सर्व्हिस' याला काही चव नसते. मागायचा कधी, याला मात्र शास्त्र आहे. बिल देताना मागू नये. तेव्हा माणसाच्या मनात पैसे असतात. मोटर विहिरीत सोडून, दोन पाळ्या पाणी देऊन झालं की आठवड्याने फोन करावा, "अण्णा, मोटर बरी चाललीय ना?" चाललीय म्हणाला की दुवा पाठवावा आणि काय काम केलं तेवढं दोन ओळींत लिहा म्हणावं. 'पाच एचपीची पाणबुडी सकाळी दिली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली, उन्हाळाभर चालली' असं एक वाक्य आलं की त्यात गिऱ्हाइकाचे शब्द आपोआप येतात, आणि पुढच्या माणसाला जे हवं ते सगळं असतं. भावाला असे महिन्याला दोन-तीन मिळतात. एक वाईटही आला, मोटर चार दिवस उशिरा मिळाली म्हणून. तो खरा होता. भावाने खाली लिहिलं की तार संपली होती, कळवायला हवं होतं, चूक झाली. ते उत्तर वाचून आलेलं एक गिऱ्हाईक मी स्वतः पाहिलंय.

स्वतःची साइट हवी का? मी म्हणतो, हवी, एक पानाची का होईना. कारण दुसऱ्याच्या वाड्यात आपण भाडेकरू असतो. गूगल आपल्या बिझनेस प्रोफाइलसोबत छोट्या दुकानांना फुकट साइट बनवून देत असे. मार्च २०२४ मध्ये त्या सगळ्या बंद केल्या. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि तिथे ज्यांनी गिऱ्हाईक जमवलं होतं त्यांचं ते एका रात्रीत गेलं. साइटचं नाव, म्हणजे डोमेन, वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतं. २०१४ पासून डॉट भारत हे देवनागरीतलं डोमेनही आहे. पण नाव कुठलंही घ्या, ते आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर नोंदवलेलं हवं. हे मी कळकळीने सांगतोय, कारण भाऊ त्यात भाजलाय.

माझ्याकडे येण्याआधी त्याने एका एजन्सीला अठरा हजार दिले होते. 'पहिल्या पानाची गॅरंटी.' त्यांनी साइट बनवली, डोमेन स्वतःच्या नावावर ठेवलं आणि 'पाचशे कीवर्ड भरले' असं बिलात लिहिलं. ते कीवर्ड साइटच्या आत, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या एका ओळीत होते. त्या ओळीला आपण क्रमासाठी धरत नाही हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलेलं आहे. दुसऱ्या वर्षी भावाने पैसे भरले नाहीत, साइट बंद झाली आणि नावही गेलं. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतः लिहितं. हमी देणाऱ्याला हे एकच वाक्य दाखवावं. चांगली माणसंही या धंद्यात आहेत. ती आधी तुमचं काम काय, गिऱ्हाईक कोण, हे विचारतात आणि किती दिवस लागतील याचा अंदाज देताना महिने सांगतात, दिवस नाही.

नव्या साइटवर आम्ही वहीतले प्रश्न मथळे म्हणून घातले आणि भावाने जसं फोनवर सांगितलं असतं तसं उत्तर लिहिलं. 'मोटर का जळते' या पानावर त्याला इतकं सांगायचं होतं की मला थांबवावं लागलं. तीनपैकी एक फेज गेली तरी चालू मोटर उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते, जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवा, तो मोटर भरण्यापेक्षा स्वस्त पडतो. पाणी संपलेल्या विहिरीत मोटर कोरडी चालते. व्होल्टेज कमी असताना ती जोर लावते. एखाद्याला वाटेल, हे सांगितलं तर मोटरी जळायच्या थांबतील आणि धंदा बसेल. झालं उलटं. ते पान वाचून लोक प्रिव्हेंटर बसवायला त्याच्याकडेच येऊ लागले, आणि पंप विकणाऱ्या एका दुकानदाराने आपल्या साइटवरून त्या पानाला दुवा दिला. हेच ते बोट दाखवणं. गूगलचं सर्च कन्सोल हे साधन फुकट आहे. आपलं पान कोणत्या शब्दांनी लोकांसमोर आलं आणि किती जणांनी उघडलं, ते त्यात दिसतं. भाऊ महिन्यातून एकदा ते पाहतो. नवीन शब्द दिसला की वहीत लिहितो.

व्हॉट्सअॅप बिझनेस जानेवारी २०१८ मध्ये आलं आणि छोट्या धंद्याला त्याच्याइतकं सोपं दुसरं काही मिळालेलं नाही. दरपत्रक, ठरलेली उत्तरं, 'मोटर तयार' अशी लेबलं, सगळं फुकट. एकच ध्यानात ठेवायचं, ब्रॉडकास्ट फक्त त्यालाच पोचतो ज्याने आपला नंबर फोनमध्ये साठवलाय. म्हणून बिलावर नंबर मोठा छापावा.

आता जाहिरात. २००२ पासून गूगल शोधाच्या पानावर जाहिरातीची जागा लिलावाने विकतं. जास्त बोली लावणारा वर येतोच असं नाही, जाहिरात त्या शब्दाला किती लागू आहे हेही पाहतात. पैसे दाबल्यावर जातात, नुसतं दिसल्यावर नाही. भावाने गेल्या मार्चमध्ये रोज दोनशे रुपयांप्रमाणे पंधरा दिवस केली. त्याआधी आम्ही तीन गोष्टी बंद केल्या. एक, मूळ मांडणीत तुमच्या भागात 'रस असलेल्या' लोकांनाही जाहिरात दिसते, मग पुण्यात बसलेला माणूसही दाबतो. ते बदलून फक्त भागात असलेले लोक निवडले, पंचवीस किलोमीटरपर्यंत. दोन, जाहिरात फक्त फोन उचलता येईल त्या वेळात. तीन, 'कोर्स', 'नोकरी', 'तारेचा भाव' हे शब्द वगळले, कारण वायंडिंग शिकू पाहणारी मुलंही जाहिरात दाबतात. एखाद्या दिवशी ठरवलेल्या रकमेच्या दुप्पट खर्च होऊ शकतो हेही माहीत असावं. महिन्याचा हिशेब रोजच्या रकमेच्या ३०.४ पटीत बसवतात. फोन आलेल्या प्रत्येकाला भावाने विचारलं, "कुठून कळलं?" तीन हजारांत अकरा गिऱ्हाइकं आली. त्याला ती परवडली. जूनमध्ये पाऊस पडल्यावर हीच जाहिरात तोट्याची झाली असती, म्हणून बंद केली.

सगळेच धंदे नकाशावर चालत नाहीत. देवगडचा बागायतदार पेटी पुण्याला, मुंबईला पाठवतो, त्याला 'जवळ कुठे' याचा उपयोग नाही. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तर तो क्रमांक, बागेचे फोटो, पेटी कशी भरतो, फळ खराब निघालं तर काय करतो, हे त्याने आपल्या पानावर लिहायला हवं, आणि डिसेंबरात लिहायला हवं. पानातल्या बदलाचा परिणाम दिसायला काही तास लागतात तसे काही महिनेही लागतात. फळ उतरवायला लागल्यावर लिहायला बसला तर पान वर येईपर्यंत आंबा संपलेला असतो.

ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल बऱ्याच प्रश्नांची उत्तरं यंत्राकडून लिहून वरच देतं, आणि वाचणारा पान उघडतच नाही. 'मोटर का जळते' याचं उत्तर त्याला तिथेच मिळेल. पण जळलेली मोटर त्याला कुणाकडे तरी न्यावीच लागते.

यंदा एप्रिलमध्ये मी दुकानात होतो. सहा वाजले होते, भाऊ शटर वर करत होता. पलीकडून टेम्पो येऊन थांबला. खाली उतरलेला माणूस ओळखीचा नव्हता, नदीपलीकडच्या गावाचा. म्हणाला, "वायंडिंगचं हेच ना? फोनवर निळं शटार बघितलं." भावाने मोटर उतरवून घेतली, बाक ओढून त्याला बसायला दिलं, चहा सांगितला. मग फळीवरून वही काढली आणि पेन शोधू लागला.